घर एकच, मतदारसंघ तीन

प्रति,
वेल्स मतदारसंघ सीमा आयोग,
कार्डिफ

आयुक्तमहोदय,

तुमचं प्रत्येक पत्रक वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघतं. तिसरी मी जोडते आहे. भांडायचं म्हटलं की मला अजूनही मराठीच सुचते, आणि तुमच्या कारभाराच्या चार गोष्टी माझ्या गावाकडच्यांनाही कळाव्यात असं वाटतं. भाषांतराचं तुम्ही बघून घ्या.

मी ॲबरडेअरमध्ये राहते. नोकरीसाठी आले आणि इथलीच झाले. पासपोर्ट अजून भारताचाच आहे, पण राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे राहत असतील तर त्यांना तुमच्या संसदेसाठी मत देता येतं. ४ जुलै २०२४ ला मीही दिलं. ओळखपत्र म्हणून तोच निळा पासपोर्ट दाखवला, केंद्रावरच्या बाईंनी यादीत माझं नाव शोधलं आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने मी फुली मारून आले. यंत्र नाही, पोलीस नाही, बोटाला शाई नाही. बाहेर आल्यावर मत दिल्यासारखंच वाटेना.

मतदानाआधी घरी आलेल्या मतदानपत्रावर मतदारसंघाचं नाव होतं ‘मर्थर टिडफिल अँड ॲबरडेअर’. शेजारचे आजोबा, आयुष्य खाणीत काढलेले, ते पत्र बराच वेळ न्याहाळत राहिले. त्यांनी हिशेब सांगितला तो असा : पहिलं मत दिलं तेव्हा आपण ॲबरडेअर मतदारसंघात होतो. १९८३ मध्ये कनन व्हॅली झालो. आता हे. घर एकच, मतदारसंघ तीन. “आणि घर मी एकदाही हलवलेलं नाही,” ते म्हणाले.

मला त्यांचं म्हणणं लगेच समजलं, कारण मी मूळची कणकवलीची. आमचा लोकसभा मतदारसंघ राजापूर. बॅरिस्टर नाथ पै, मग मधू दंडवते यांचा राजापूर. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला आणि २००९ ला आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गात मत दिलं. नाव गेलं तेव्हा कुणी रडलं नाही, मीही नाही. पण आज कोकणातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला ‘राजापूरचे खासदार’ म्हणालात तर तो नगरपालिकेबद्दल बोलताय की काय अशा नजरेने बघेल. पन्नास वर्षांचं राजकारण एका राजपत्राच्या पानाखाली गेलं.

म्हणून हे पत्र. तुम्ही २०२४ ला जो मतदारसंघ नवा म्हणून दिलात तो नवा नाही. डोंगराच्या अलीकडची ॲबरडेअर आणि पलीकडची मर्थर टिडफिल ही दोन गावं १८३२ पासून १९१८ पर्यंत एकाच मतदारसंघात होती. शहाऐंशी वर्षं एकत्र नांदली, मग वेगळी झाली आणि एकशे सहा वर्षांनी तुम्ही त्यांना पुन्हा एका छपराखाली आणलंत. आमच्या हातात पडलेल्या कागदावर मात्र याचा एक शब्द नव्हता. आकडे होते, नकाशा होता. दुरावलेल्या भावांची भेट घालून द्यायची आणि ते भाऊ आहेत हे सांगायचंच नाही, याला काय म्हणावं?

तर आता मी सांगते. ऐका.

मर्थर म्हणजे वेल्श भाषेत हुतात्मा. टिडफिल नावाच्या संत स्त्रीला इथे मारलं, अशी आख्यायिका आहे. पण मतदारसंघ जन्माला येताना जो हुतात्मा झाला तो संत नव्हता, खाणीत राबणारा मजूर होता. १८३१ मध्ये मर्थर हे वेल्समधलं सगळ्यात मोठं गाव. लोखंडाचे चार मोठे कारखाने : सिफार्थफा, डाउलैस, प्लिमथ, पेनीडॅरन. आणि संसदेत प्रतिनिधी एकही नाही. त्या जूनमध्ये मजुरीची कपात आणि कर्जवसुली करणारं कोर्ट यांच्यावर चिडलेले मजूर रस्त्यावर आले, काही दिवस गाव त्यांच्या ताब्यात होतं, लाल निशाण फडकलं. मग गोळीबार झाला. डोनाल्ड ब्लॅक नावाच्या सैनिकाच्या पायाला जखम केल्याच्या आरोपावरून रिचर्ड लुईस, म्हणजे लोकांचा डिक पेन्डेरिन, याला १३ ऑगस्ट १८३१ ला कार्डिफच्या तुरुंगाबाहेर फाशी दिली. सैनिक वाचला. ज्याच्यावर आरोप होता तो गेला. त्याचे शेवटचे शब्द वेल्श भाषेत होते आणि त्यांचा अर्थ, देवा, हा अन्याय आहे. आज त्या जागी बाजारपेठ आहे आणि भिंतीवर एक पाटी. तुमचं ऑफिस कार्डिफमध्येच आहे; जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघण्यासारखी आहे.

पुढच्याच वर्षी संसदेच्या जागांची फेरवाटणी करणारा सुधारणा कायदा झाला. आधीच्या मसुद्यात मर्थरला कार्डिफच्या शेपटाला बांधलं होतं. शेवटी स्वतंत्र जागा मिळाली, ॲबरडेअर धरून. मतदार जेमतेम पाचशे. पहिला खासदार बिनविरोध : जोसाया जॉन गेस्ट, डाउलैस कारखान्याचा मालक. हा कारखाना पुढे अठरा भट्ट्यांचा झाला, त्या काळात जगातला सगळ्यात मोठा. ज्यांनी दगड उचलले त्यांना मत नव्हतं. ज्यांच्या दारावर ते पडले त्यांतलाच एक खासदार झाला आणि १८५२ ला मरेपर्यंत राहिला. त्याच्यामागून हेन्री ऑस्टिन ब्रूस आला. डाउलैसच्याच इस्टेटीचा एक विश्वस्त. म्हणजे घरचाच माणूस.

हे असंच चाललं असतं, पण मताधिकार वाढवणारा १८६७ चा कायदा आला आणि मर्थरचं पाणी एकदम चढलं. मतदार १,३८७ होते ते १४,५७७ झाले. दहापट! जागा एकाच्या दोन झाल्या आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. (मराठी वाचकांसाठी : आपल्याकडेही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते. उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघातून बाबासाहेब आंबेडकर हरले.)

१८६८ ची ती निवडणूक मला राहून राहून आठवते, म्हणजे मी तिथे असल्यासारखी. तेव्हा गुप्त मतदान नव्हतं. मतदाराने सर्वांसमोर उभं राहून कुणाला मत ते तोंडाने सांगायचं, आणि ते लिहून घेतलं जायचं. मालक बघतोय, मुकादम बघतोय. तरीही निकाल काय लागला? हेन्री रिचर्ड, ११,६८३ मतं. रिचर्ड फॉदरगिल, ७,४३९. आणि ब्रूस, ज्याने सोळा वर्षं ही जागा सांभाळली, ५,७७६ वर तिसरा. फॉदरगिलही लोखंडवालाच होता, तेव्हा क्रांतीबिंती झाली असं मी म्हणत नाही. पण पहिला आलेला माणूस बघा : ट्रेगॅरन नावाच्या छोट्या गावातून आलेला, चॅपेलचा माजी धर्मोपदेशक, शांतता संघटनेचा चिटणीस, देशादेशांतले तंटे लवादाने मिटवा म्हणून युरोपभर फिरलेला. तोफांना लागणारं लोखंड ओतणाऱ्या गावाने युद्धाविरुद्ध बोलणाऱ्याला डोक्यावर घेतलं. खाणकामगारांचा ब्रूसवर वेगळा राग होता, दुहेरी पाळीच्या आणि खाणीतल्या सुरक्षिततेच्या प्रश्नावर. दोन्ही राग एकत्र आले.

ब्रूससाहेबांचं फार वाईट वाटून घेऊ नका. हरल्यावरही ते गृहमंत्री झाले, स्कॉटलंडमधून दुसरी जागा मिळाली आणि १८७३ मध्ये सरदारकी. पदवी कुठली घेतली? लॉर्ड ॲबरडेअर. ज्या गावाने पाडलं त्याचंच नाव लावून मिरवले.

त्याच निवडणुकीत कार्डिगनशर आणि कार्माथेनशरमधल्या कित्येक कुळांना जमीनदाराच्या मनाविरुद्ध मत दिलं म्हणून जमिनीवरून काढलं. रिचर्डने तो प्रश्न संसदेत उभा केला. १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला, त्यामागे हीही एक ढकलणी होती. तुमच्या त्या पेन्सिलीच्या आडोशाला मर्थरचा थोडा हात आहे, हे मला मतदानाच्या दिवशी माहीत असतं तर फुली जरा ठसठशीत मारली असती.

आता १९००. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू, सगळीकडे झेंडे. केअर हार्डी, स्कॉटलंडचा खाणकामगार, युद्धाच्या विरोधात. तो एकाच वेळी दोन ठिकाणी उभा होता. प्रेस्टनला १ ऑक्टोबरला पडला. धावत मर्थरला आला. तिथे दुसऱ्याच दिवशी मतदान. स्वतःचा प्रचार करायला वेळ मिळाला तो नावापुरता. आणि निवडून आला. दोन मतांची गंमत इथे आहे. पहिल्या क्रमांकावर डी. ए. थॉमस, ८,५९८ मतं, कोळसा खाणींचा मालक, लिबरल. दुसरा हार्डी, ५,७४५. तिसरा प्रिचर्ड मॉर्गन, ४,००४, तोही लिबरल आणि सोन्याच्या खाणींचा नाद असलेला. थॉमसला हा आपल्याच पक्षाचा मॉर्गन डोळ्यांसमोर नको होता. तेव्हा अनेक मतदारांनी एक मत मालकाला दिलं आणि दुसरं मजुराला. १९१० पर्यंत खाणमालक आणि खाणकामगार एकाच मतदारसंघाचे जोडखासदार होते. आजकाल एका पक्षाचे दोन लोक एका व्यासपीठावर बसत नाहीत.

लेबर पक्ष ज्या समितीतून जन्मला ती समिती त्याच वर्षी फेब्रुवारीत स्थापन झालेली. तिचे त्या निवडणुकीत दोनच खासदार आले : डर्बीहून रिचर्ड बेल आणि मर्थरहून हार्डी. १९०६ मध्ये तो संसदेतल्या लेबर गटाचा पहिला प्रमुख झाला.

हार्डी आम्हाला परका नाही. मर्थरच्या आधी, १८९२ मध्ये, तो लंडनच्या वेस्ट हॅम साउथमधून पहिल्यांदा संसदेत गेला, त्याच निवडणुकीत सेंट्रल फिन्सबरीतून मुंबईचे दादाभाई नवरोजी निवडून आले. १८९५ ला दोघेही पडले. आणि १९०७ मध्ये मर्थरचा खासदार असताना हार्डी भारतात आला. वंगभंगाच्या आंदोलनाने पेटलेल्या बंगालमध्ये फिरला, इंग्रजी राज्यकारभारावर बोलला आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्लं. भारताला स्वराज्य हवं असं म्हणणारा हा माणूस माझ्या मतदारसंघाने पाठवला होता. हे मला इथे येऊन दहा वर्षं होईपर्यंत कुणी सांगितलं नाही. आयुक्तमहोदय, तुम्ही तर नाहीच नाही.

गावाने त्याला शेवटपर्यंत जपलं असं मात्र नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं त्या आठवड्यात हार्डी ॲबरडेअरला शांततेवर बोलायला उभा राहिला आणि लोकांनी आरडाओरडा करून सभा उधळली. त्याच्याच गावाने, त्याच्याच माणसांनी. तो खचला तो सावरला नाही. सप्टेंबर १९१५ मध्ये गेला. पोटनिवडणुकीत लेबरचा अधिकृत उमेदवार, खाणकामगार संघटनेचा जेम्स विन्स्टन, ६,०८० वर राहिला आणि युद्धाच्या बाजूने गर्जना करणारा बंडखोर चार्ल्स स्टॅन्टन १०,२८६ मतं घेऊन निवडून आला. स्टॅन्टन ॲबरडेअरच्याच खाणकामगारांचा पुढारी. एकेकाळी हार्डीपेक्षाही जहाल. हेन्री रिचर्डचा मतदारसंघ तो हाच! इतिहास सांगा म्हणते, याचा अर्थ फक्त भूषणाचा सांगा असं नाही. हेही सांगा.

१९१८ मध्ये वाटणी झाली. ॲबरडेअर एकीकडे, मर्थर दुसरीकडे, एकेक खासदार. ॲबरडेअरने पुन्हा स्टॅन्टनला पाठवलं, २२,८२४ मतं; समोर शांततावादी कवी आणि धर्मोपदेशक टी. ई. निकलस, ६,२२९. मग १९२२ पासून दोन्हीकडे लेबर, आणि त्यानंतर मुख्यतः लेबरच. या पुढच्या पन्नास वर्षांत निवडणुका घडत होत्या म्हणण्यापेक्षा मतं मोजली जात होती. १९३० मध्ये डाउलैसचं पोलादकाम बंद पडलं, माणसं बेकार झाली. १९३९ मध्ये एका अभ्यासगटाने सुचवलं की मर्थर सोडूनच द्यावं, सगळी वस्ती अस्क नदीच्या खोऱ्याकडे हलवावी. तुम्ही निदान रेषा हलवता. ते माणसं हलवायला निघाले होते.

या काळातला एक माणूस मात्र सोडता येत नाही. एस. ओ. डेव्हिस, १९३४ पासून मर्थरचे खासदार. १९५५ मध्ये त्यांनी वेल्सला स्वतःची संसद द्या म्हणून विधेयक आणलं. बाजूने १४, विरोधात ४८. स्वतःच्या पक्षानेही वाऱ्यावर सोडलं. १९७० मध्ये पक्षाने वय झालं म्हणून तिकीट कापलं. ऐंशी ओलांडलेले म्हातारबाबा अपक्ष उभे राहिले आणि अधिकृत लेबर उमेदवाराच्या ९,२३४ विरुद्ध १६,७०१ मतं घेऊन परत गेले. कोकणातल्या माणसाला हे सांगितलं की तो मांडी ठोकून हसतो. तिकीट कापलेल्याने निवडून यावं यासारखं सुख नाही.

पण याच माणसाच्या मतदारसंघात ॲबरफॅन आहे. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळ. खाणीच्या कचऱ्याचा डोंगर सरकून पँटग्लास शाळेवर आला. ११६ मुलं, २८ मोठी माणसं. डेव्हिस यांनी चौकशीत सांगितलं की तो ढीग घसरेल अशी धास्ती त्यांना आधीपासून होती, पण बोभाटा केला तर खाण बंद होईल म्हणून ते गप्प राहिले. न्यायाधिकरणाने त्यांचं हे सांगणं ग्राह्य धरलं नाही, दोष खाण चालवणाऱ्या सरकारी कोळसा मंडळावर ठेवला. डेव्हिस खरं बोलले की पश्चात्तापाने स्वतःवर ओढून घेतलं, मी ठरवू शकत नाही. ‘कारखाना बंद पडेल म्हणून गप्प राहिलो’ हे वाक्य मी दोन देशांत ऐकलं आहे. मग उरलेले ढीग हलवण्यासाठी सरकारने मृतांसाठी जगभरातून आलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेतले. १९९७ मध्ये परत दिले, व्याजाशिवाय.

१९८३ मध्ये मर्थरला पूर्वेकडचं रिमनी खोरं जोडलं, ॲबरडेअरचं कनन व्हॅली झालं. ॲन क्लुइड तिथून १९८४ ते २०१९ पर्यंत खासदार होत्या. आणि मग तुम्ही आलात.

मी तुमच्यावर उगाच चिडत नाही. २०२० च्या कायद्याने तुमचे हात बांधले होते हे मला कळतं. मतदारसंघात मतदार ६९,७२४ पेक्षा कमी नाहीत आणि ७७,०६२ पेक्षा जास्त नाहीत. वेल्सला किमान ३५ जागा, ही १९४४ ची हमी २०११ लाच काढून टाकलेली. त्यामुळे ४० च्या ३२ झाल्या. वेल्समध्ये अपवाद फक्त अँगलसीला, कारण ते बेट आहे. आमची खोरी बेटंच आहेत, पण ते नकाशावर दिसत नाही. मर्थरच्या टाफ नदीचं पाणी आणि आमच्या कननचं पाणी खाली जाऊन मिळतं, माणसं मात्र डोंगर चढून क्वचित जातात. रिमनी तुम्ही ब्लायनाय ग्वेन्टला दिलंत, आमच्या खोऱ्याचा खालचा भाग पॉन्टिप्रिथला. माणसं मोजून वाटणी न्याय्य झाली असेल. माझा वाद वाटणीशी नाही.

दक्षिण भारतातही जागा लोकसंख्येवर वाटाव्यात की नाही यावरून आज धास्ती आहे. ज्यांची लोकसंख्या कमी वाढली त्यांनी जागा गमवायच्या का, हा प्रश्न वेल्सला जुना आहे. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, तुम्हाला नव्हे.

माझी मागणी छोटी आहे. आता कायद्याने दर आठ वर्षांनी ही मोजणी होणार. पुढचा अहवाल २०३१ च्या ऑक्टोबरपूर्वी द्यायचा आहे. त्या वेळी जे मतदारसंघ मिटतील, त्या प्रत्येकाच्या नावापुढे एक परिच्छेद लिहा. कधी जन्मला, कुणाला पाठवलं, कुणाला पाडलं, कशासाठी. सात-बारा उताऱ्यावर फेरफार नोंदवतात तसं. जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली हे आमचा तलाठी लिहून ठेवतो. मतदारांचं एवढंही लिहू नये? आणि मतदानपत्रावर, जिथे मतदारसंघाचं नाव असतं त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ : ‘पूर्वीचे अमुक.’ खर्च शाईचा. ती शाई नाहीतरी आमच्या बोटाला लावत नाही तुम्ही.

वेल्सच्या स्वतःच्या सेनेडसाठी, म्हणजे विधिमंडळासाठी, आता याच मतदारसंघांच्या जोड्या लावून सोळा मोठे केले आहेत, प्रत्येकी सहा सदस्यांचे. आमचा पॉन्टिप्रिथ कनन मर्थर. ऐकून आजोबा म्हणाले, चला, चौथा.

उत्तराची वाट बघते. वेल्शमध्ये दिलंत तरी चालेल. आजोबा वाचून दाखवतील.

आपली,
मर्थर टिडफिल अँड ॲबरडेअरची एक मतदार
(पूर्वीचे राजापूर)